रकाना क्रमांक नऊ

तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर,
दर दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो.
जिन्यात कांद्याची सालं, वासही तोच,
त्यामुळं वर आल्यावर कुणाचे डोळे का ओले
हे विचारायची पद्धत नाही.

आम्ही अकरा जण. फेलो म्हणतात आम्हाला.
माझ्या आईला तो शब्द जमत नाही,
ती वस्तीत सांगते, पोरीला दीड वर्षासाठी
कुणीतरी फैलावर घेतलंय.
तसं ते चूक नाही.

महिन्याला मानधन, तिमाहीला अहवाल.
अहवालात रकाना क्रमांक नऊ:
थेट लाभार्थी किती? अंकात लिहा.

जानेवारीत मी लिहिलं, एक्केचाळीस.
पावण्याच्या खाणीच्या कडेला, ताडपत्रीखाली,
एक्केचाळीस पोरं, दोन फळे आणि एक मांजर.
मांजर मी धरली नव्हती.

एप्रिलात खाण थांबली.
एका रात्रीत चुलींचे दगडसुद्धा गेले.
सहा पोरं उरली, ज्यांच्या आया
सेक्टरमधल्या घरांत भांडी घासतात.

शनिवारी माझी पाळी आली. मी म्हटलं, सहा.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं केलं.
यातून काय शिकलीस, असंही कुणी विचारलं नाही,
नाहीतर मी जिना उतरले असते.
केळुसकर बाई चष्मा पुसत बसल्या.
मुंब्र्याची नाझनीन, टाकलेल्या बायकांच्या कागदांसाठी
कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी,
तिनं आपला डबा माझ्याकडं सरकवला.
दिवाळे कोळीवाड्याचा हरेश्वर,
खाडीतलं काळं पाणी बाटलीत घेऊन हिंडणारा,
म्हणाला, मासा जातो कुठं? पाणी बरं असेल तिथं.
मला राग आला. माझी पोरं मासे नव्हती.

मग रंजना मुकणे, जी सहसा बोलत नाही,
पडघ्याकडं वीटभट्ट्यांवर शिकवते,
तिनं विचारलं:
तुझ्यात एक यल्लवा होती का?
डावखुरी? पाच उलटा काढणारी?

मी चमचा खाली ठेवला.

खडी-मशीनवर आलीत ती, रंजना म्हणाली,
माझ्या भट्टीपासून हाकेवर.
परवा वर्गात येऊन बसली.
हजेरीला नाव विचारलं, तर सांगेना.
म्हणाली, आमच्या बाईंकडं माझं नाव आधीच आहे.

सगळी नाहीत हं, एकोणीस आहेत.
बाकीची कुठं, तिलाही माहीत नाही.

मी पिशवीतून हजेरीपट काढला.
द्यायला हात होईना, खोटं कशाला सांगू.
माझं अक्षर त्यात, माझ्या लाल फुल्या,
एका पानावर मांजरीचा पाय.
तिनं हात पदराला पुसून तो घेतला
आणि विचारलं, यल्लवाचे पाढे कुठवर आलेत?
सातापर्यंत. सातावर अडते.
आठापासून मी घेते, रंजना म्हणाली.
मग थोड्या वेळानं:
सातच घेते आधी.

काल अहवालाची शेवटची तारीख.
एकोणीस तिचे की माझे?
बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या,
दोघींनी लिहिलं तर बेरीज चुकते,
कुणीच नाही लिहिलं तर पोरं चुकतात.
तुमचं तुम्ही ठरवा, माझं दूध उतू जातंय.

मग मी अंक सोडून अक्षरांत लिहिलं:
सहा इथं. बाकीचं रंजनाला विचारा.

रकाना अरुंद होता.
'विचारा' समासात गेलं.